तोफेला बांधलेली दोरी

सांडोर, वसई
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय आनमारी,

तुझं पार्सल शनिवारी पोचलं. नाचणीचं पीठ दोन किलो, मध एक बाटली (झाकणातून थोडा गळला, पण पिठाने शोषून घेतला, फुकट गेला नाही), बांबूची टोपली एक आणि तुझ्या आश्रमशाळेतल्या मुलींनी विणलेला टेबलावरचा रुमाल. टपालाला तू एकशे अठ्ठावीस रुपये भरलेस, ते तिकिटावरून कळलं. तेवढ्यात इथे माणिकपूरला तेवढीच नाचणी दळून मिळाली असती. म्हणजे पिठापेक्षा पिठाचा प्रवास महाग. सिस्टर झालीस, गरिबीचं व्रत घेतलंस, पण हात सैल तो सैलच. शाळेतही तुझी पेन्सिल महिनाभर पुरायची नाही आणि मग शेजारी बसलेल्या ग्रेसीची अर्धी मोडून न्यायचीस. ती ग्रेसी पुढे तुझी वहिनी झाली आणि अजून त्या अर्ध्या पेन्सिली विसरलेली नाही.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. एक तर धडगावच्या त्या डोंगरात तुला रेंज नाही, आणि असली तरी तुला ऐकू येत नाही. मी म्हणते "केळी", तू म्हणतेस "कोण मेली?" त्यापेक्षा पत्र बरं.

आता खरी बातमी. आपल्या तोफेला मागणी आलीय.

झालं असं. माणिकपूरला आत्माराम केळुसकर म्हणून एक गृहस्थ राहतात, मूळचे वेंगुर्ल्याचे, बँकेतून निवृत्त. राजेळी केळी घ्यायला वाडीत आले होते. घड निवडायचा सोडून एकदम थबकले.

"बाई, ही तोफ आहे!"

मी म्हटलं, "माहीत आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून आमची ओळख आहे."

"तुम्ही हिच्यावर लुंगी वाळत घालता?"

"तिच्यावर नाही, दोरीवर. दोरी तिला बांधलीय."

"अहो, पावणेतीनशे-तीनशे वर्षांपूर्वी हिच्यातून आग निघायची!"

"आता बरं आहे, लुंगी जळत नाही."

बिचारे खाली बसले. त्यांचं एक किल्ले मंडळ आहे. मे महिन्यात वसईच्या विजयाचा दिवस येतो, तेव्हा किल्ल्याच्या वाटेवर, जिथे लढाई झाली तिथेच, चौथरा बांधून मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या तोफा मांडायच्या आहेत. दोन मिळाल्यात. एक पाचूबंदरला होड्या बांधायला वाळूत रोवलेली, एक कुणाच्या तरी अंगणातली. तिसरी आपली हवी. परवानगीचे कागदही दाखवले, शिक्के बिक्के मारलेले.

मी नाही म्हटलं. दोरीला नवा खांब म्हणजे लोखंड आलं, सिमेंट आलं, मजुरी आली. तोफ फुकट उभी आहे. ते म्हणाले, खांब मंडळ देईल. मी म्हटलं, लोखंडी खांबाचा गंज कपड्यांना लागतो. म्हणाले, "तोफही लोखंडाचीच आहे ना?" मी म्हटलं, "तिचा गंज आमच्या आधीच्या लोकांच्या कपड्यांना लागून संपला."

घड मात्र योग्य भावाने घेऊन गेले. माणूस वाईट नाही.

तुझा दादा बरा आहे. पाटाचं पाणी अजून तोच सोडतो. पत्राच्या शेवटी नेहमीसारख्या दोन ओळी या वेळी लिहीत नाही, बोटात केळीच्या पानाची शीर घुसलीय. सोबत वाळवलेल्या राजेळीची सुकेळी पाठवतेय, एकटी खाऊ नकोस, व्रत आठव.

तुझी वहिनी,
ग्रेसी


आश्रमशाळा, धडगाव
२१ फेब्रुवारी २०२५

प्रिय वहिनी,

सुकेळी पोचली. मुलींना वाटली. मला दोन मिळाली. व्रत आठवून दोन्ही खाल्ली.

बोटात शीर घुसली म्हणतेस, कुठल्या? केळीच्या पानाला घाबरणारा दादा मला ठाऊक नाही. जाळीत घुसून मुंगसाचं पिल्लू बाहेर काढणारा ठाऊक आहे. असो. त्याला म्हणावं, ओळी डाव्या हाताने लिही, अक्षर तसंही बदलणार नाही.

आता तोफेचं. वहिनी, तू त्या गृहस्थांना जे बोललीस ते वाचून आमच्या मदर सुपिरियरही हसल्या. पण हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "देऊन का टाकत नाहीत?" आणि मलाही तेच वाटतं. मी जन्मभर मुलींना इतिहास शिकवला. चिमाजी अप्पांच्या वेढ्याचा धडा आला की फळ्यावर किल्ला काढायचे आणि म्हणायचे, आमच्या वाडीत त्या लढाईतली तोफ आहे. एकाही मुलीचा विश्वास बसला नाही. सिस्टर थापा मारतात म्हणायच्या.

तुला माहीत आहे का, तिच्या मागच्या बाजूला, बत्ती द्यायच्या भोकात, एक खिळा आहे. लहानपणी मी तो उपटायचा प्रयत्न करत असे. पुढे वाचनात आलं, हरणारे लोक तोफ सोडून जाताना तिच्या भोकात खिळा ठोकून जात, म्हणजे जिंकणाऱ्याच्या हाती नुसतं लोखंड. कुणी ठोकला देव जाणे. तिला जिंकलं तेव्हा ती आधीच मुकी झाली असेल. मग खाडीच्या चिखलात पडून राहिली आणि आपल्या पणजोबांनी बैल लावून ओढून आणली. बाबा सांगायचे, वाडीत वाटेला जिथे फाटा फुटतो तिथे तोंड खाली करून पुरली, गाडीचं चाक केळीत शिरू नये म्हणून.

पणजोबांना इतिहासाचं प्रेम नव्हतं, केळीचं होतं. तू त्यांच्याच घरात शोभतेस.

पण दे गं. दोरी चिंचेला बांध. लोकांनी बघू दे तिला.

आणि दादाचं नीट कळव. डायबिटीसची गोळी वेळेवर घेतो ना?

तुझी आनमारी


सांडोर
१२ मार्च २०२५

प्रिय आनमारी,

राखेचा बुधवार झाला, प्रायश्चित्तकाळ सुरू झाला. मी या वर्षी चहातली साखर सोडलीय. पुण्यही आणि बचतही. फादरना सांगितलं तर म्हणाले, "ग्रेसीबाई, बचतीचा हेतू असेल तर पुण्य थोडं कमी मिळेल." मी म्हटलं, थोडं चालेल.

केळुसकर परत आले. या वेळी चौथऱ्यावरच्या पाटीचा मजकूर घेऊन. मला वाचून दाखवला: "शत्रूकडून जिंकलेली तोफ." मी विचारलं, "शत्रू म्हणजे कोण?"

"फिरंगी. पोर्तुगीज."

"केळुसकर, तुमच्या पाटीपासून आमचं चर्च दिसतं. लोक आधी पाटी वाचतील, मग चर्चकडे बघतील, मग माझ्याकडे बघतील."

एकदम लाल झाले. "तसं नाही हो बाई, माझ्या मनात तसं कधीच..." मी म्हटलं, "तुमच्या मनात नाही, पण पाटीवर आहे." खिशातून पेन काढून तिथल्या तिथे 'शत्रू' खोडलं आणि 'पोर्तुगीज' लिहिलं. मग विचारलं, "तुमचे पूर्वज त्या वेळी कुणाच्या बाजूने होते?" मी म्हटलं, "वेढा चालू होता तेव्हा केळीला पाणी लावत असतील. कुणीतरी लावायलाच हवं होतं, नाहीतर दोन्ही बाजूंनी खाल्लं काय असतं?" हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. पाटीवर टाकणार नाहीत अशी आशा.

तोफ देणार नाही हे पुन्हा सांगितलं. दोरी चिंचेला बांध म्हणतेस, चिंचेवर बगळे बसतात. खाली पांढरे कपडे वाळत घालायचे आणि पुन्हा धुवायचे, साबण कोण देणार, तुझी मदर सुपिरियर? शिवाय तोफ काढली की खड्डा पडणार, तो भरायला भरणी. माझ्या जमाखर्चात तोफेला जागा नाही, पण तिच्या खड्ड्याला करावी लागेल.

तुझा दादा ठीक. गोळी वेळेवर घेतो. सायकल विकली, नऊशे आले. आता मिस्साला आम्ही दोघं चालतच जातो. घरातले दिवे लवकर मालवतो, विजेचं बिल कमी झालं. बोट अजून दुखतं म्हणतो, म्हणून ओळी नाहीत.

तुझ्या भाच्याचा, नेल्सनचा, दोह्याहून दर रविवारी फोन असतो. विरारला त्याने सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय तो रिकामा आहे, त्याचं मेंटेनन्स तो भरतो आणि मला झोप येत नाही.

ग्रेसी


धडगाव
२३ मार्च २०२५

प्रिय वहिनी,

आता मात्र मी तुझ्यावर रागावणार आहे. खरंच रागावणार आहे, हसत नाहीये. (थोडी हसतेय.)

चहातली साखर सोडलीस, दिवे मालवलेस, दादाची सायकल विकलीस. चव्वेचाळीस वर्षं ज्या सायकलवर माझा भाऊ फिरला ती तू नऊशे रुपयांत घालवलीस! त्याला पायी चालवतेस, अंधारात बसवतेस. पुढच्या पत्रात कळेल की त्याचं जेवण निम्मं केलंस, तांदळाची बचत.

आणि तोफेसाठी बगळे, साबण, खड्डा! वहिनी, कुणी वाचलं तर म्हणेल, नणंदेने नसता विनोद रचलाय. तू लहानपणापासून अशी आहेस म्हणून मला तरी पटतं.

म्हणून मी एक केलंय, ते सांगून टाकते. मी केळुसकरांच्या मंडळाला पत्र लिहिलं. पत्ता तुझ्याच पत्रात होता, माणिकपूर आणि बँकेतून निवृत्त, एवढ्यावर पोस्टमनने शोधला तर शोधला. लिहिलं की, मी डॉमनिकची सख्खी बहीण, या घरातलीच, आणि तोफ किल्ल्यावर द्यायला माझी पूर्ण संमती आहे, वहिनीच्या दोरीसाठी मंडळाने एक चांगला खांब द्यावा.

आता फणफणशील. इस्टरपर्यंत उतरेल. तोफ किल्ल्यावर लागली की दादाच मला धन्यवाद देईल बघ.

तुझी आनमारी


सांडोर
६ मे २०२५

आनमारी,

तोफ गेली. तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, वाटलं केळुसकर मला विचारल्याशिवाय तिला हात लावणार नाहीत. तुला हवं होतं ते झालं.

शुक्रवार महिन्यातला पहिला, म्हणून मी सकाळच्या मिस्साला गेले होते. परत आले तर फाट्यावर खड्डा आणि केळुसकर टोपी हातात घेऊन उभे. ट्रॅक्टर, साखळदंड, सहा माणसं. तुझा दादा ओटीवर बसलेला. मी विचारलं, "अहो, हे काय?" म्हणाला, "आनमारीचं पत्र आलं ना त्यांना. घरच्या माणसाने हो म्हटल्यावर मी काय बोलणार?"

आता तुला खरं सांगते. डॉमनिकने मला बायबलवर हात ठेवायला लावून शपथ घातली होती, ती मी रविवारी फादरना विचारून मोडतेय.

तुझ्या दादाला दिसत नाही. काचबिंदू. गेल्या दिवाळीच्या आधी डॉक्टरने सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलीय तेवढी थेंब घालून सांभाळायची. एका डोळ्याला फक्त दिवसाचा उजेड कळतो, दुसऱ्याला तोही नाही. म्हणून सायकल गेली. म्हणून ओळी नाहीत. दिवे मी बिलासाठी मालवत नाही, मालवलेत की लावलेत हे त्याला कळत नाही, म्हणून मीही अंधारात बसते, दोघं सारखी असावी म्हणून.

तुला सांगायचं नाही, कारण तू पहिल्या गाडीने येशील. नेल्सनला तर मुळीच नाही, कारण त्याला कळलं की वाडी विकायची आणि आम्ही सातव्या मजल्यावर. तिथे तुझ्या दादाने कुठे जायचं? लिफ्टपर्यंत?

इथे तो सगळं करत होता. पहाटे फावडं घेऊन निघायचा. ओटीपासून फाट्यापर्यंत वाट सरळ आहे. फाट्यावर आला की फावड्याचं पातं तोफेवर आपटायचा. ठण! मग तिच्यावरच्या लाडवासारख्या गोळ्यावर हात ठेवायचा आणि उजवीकडे वळायचा, केळीकडे. डावीकडे बावखल आहे, बारमाही भरलेलं, तुला पोहायला शिकवलं तेच. मी स्वयंपाकघरात असायचे. ठण ऐकला की समजायचे, वळला, आणि मग चहाचं आधण ठेवायचे.

दोरी चिंचेलाच काय, माझ्या वेणीला बांधली असती. पण केळुसकरना खरं कारण कसं सांगू? गावभर होईल, मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपवर जाईल, दोह्याला पोचेल. तुलाही सांगता येईना. मग खांब, गंज, बगळे, साबण. मी कंजूष आहे हे सगळ्या वसईला माहीत, म्हणून कुणी जास्त विचारत नाही. तूही विचारलं नाहीस. पटलं तुला.

शनिवारी पहाटे तो सवयीने निघाला. मी कान लावून बसले. तोफ नाही हे मला ठाऊक, तरी कान तिथेच. मग धावले. बावखलाच्या काठाला गुडघाभर पाण्यात उभा होता, फावडं घट्ट धरून. हाक मारली नव्हती त्याने. मी विचारलं, "काय करता?"

म्हणाला, "गाळ किती साठलाय ते बघतोय."

"बघताय?"

 मी हात धरून आणला. तेव्हापासून ओटीवर खुर्चीत बसून आहे, पाहुणा बसावा तसा. केळीचं पाणी दोन दिवस चुकलं.

मंडळाने खांब दिलाय. चांगला आहे, गॅल्व्हनाइज्ड. मी त्याला अजून दोरी बांधलेली नाही.

ग्रेसी


धडगाव
१४ मे २०२५

वहिनी,

पत्र वाचलं. मुलींना सुट्टी लागली, शाळा रिकामी आहे, म्हणून कुणाला रडताना दिसले नाही हे बरं झालं.

मी इतिहास शिकवते, कुठला किल्ला कसा पडला हे सांगते, आणि माझ्या सख्ख्या भावाची सायकल विकलेली वाचून मला हसू आलं. एकामागून एक तू सगळं लिहीत होतीस आणि मी प्रत्येक ओळीवर तुझी थट्टा करत होते. तुझाही थोडा दोष आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. खोटं बोलायचं तर लोक दुसऱ्याची बदनामी करतात, तू स्वतःचीच केलीस. आणि इतकी सराईतपणे, की मीच काय, सेंट पीटरही फसला असता.

मी केळुसकरांना आज दुसरं पत्र लिहायला घेतलंय की संमती मागे घेते, तोफ परत वाडीत न्या. पण टाकायच्या आधी तुला विचारते, या वेळी तरी विचारते. लिहू का? काय लिहू? दादाची नजर न सांगता कसं लिहू?

आणि मी येऊ का? मदर हो म्हणाल्या आहेत. पण तुझी इच्छा नसेल तर पहिल्या गाडीने येणार नाही, दुसऱ्या गाडीने येईन.

दादाला माझी क्षमा सांग. तो रागावला असेल तर तसं लिही, लपवू नकोस. तुम्हा दोघांचं लपवणं आता पुरे.

आनमारी


सांडोर
२ जून २०२५

आनमारी बाय,

मी डॉमनिक सांगतोय, तुझी वहिनी लिहितेय. मी सांगेन तेच लिहायचं, मध्ये बोलायचं नाही, असं तिने कबूल केलंय.

(कबूल केलेलं नाही. ग्रेसी.)

तुझी पत्रं तिने मला वाचून दाखवली. सगळी, पहिल्यापासून. मी हसलो. आता तू रडणं थांबव आणि केळुसकरना काही लिहू नकोस. तुझ्या संमतीने तोफ गेलीच नाही.

ऐक. ते पहिल्या शुक्रवारी आले तेव्हा तुझं पत्र त्यांच्या खिशात होतं. मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "डॉमनिक, बहिणीचं पत्र आहे, पण वाडी तुमची. तुम्ही नको म्हणालात तर ट्रॅक्टर रिकामा जाईल." मी म्हटलं, "ग्रेसी मिस्साला गेलीय, यायच्या आत घेऊन जा." तुझ्यावर ढकललं, कारण तू लांब आहेस आणि तुला ऐकू कमी येतं.

(हे मला आज कळतंय. पेन ठेवून पाच मिनिटं भांडले, मग पुढे लिहितेय. ग्रेसी.)

का दिली ते सांगतो. तिला वाटतं, मला तिचं काही कळत नाही. दिसत नसलं की माणूस जास्त ऐकतो, बाय. पहाटे मी ओटी उतरलो की घरातली भांडी गप्प व्हायची. तोफेवर फावडं आपटेपर्यंत आत चमचासुद्धा हलायचा नाही. मग ठण झालं की लगेच पातेलं, पाणी, माचिस. रोज. एक दिवस फाट्यावर मला खोकला आला, मी थांबलो. आत इतकी शांतता, की मला वाटलं ती श्वासही घेत नाही. मी मुद्दाम लवकर आपटलं. मग रोज पाय उचलून भरभर जायला लागलो, तिला जास्त वेळ थांबायला लागू नये म्हणून. दोनदा ठेचकाळलो.

तिला वाटायचं मी तोफेसाठी आपटतो. सुरुवातीला खरं होतं. नंतर तिच्यासाठीच आपटत होतो. आणि ती माझ्यासाठी जगाशी खोटं बोलत होती, बगळे आणि साबण. आम्ही दोघं एका घरात राहून त्या तोफेमार्फत एकमेकांना निरोप पाठवत होतो. म्हटलं, ती गेली तर काहीतरी तोंडाने बोलावं लागेल.

(मग बावखलात कशाला उतरलात? ग्रेसी.)

ते चुकून. तिथे माझा हिशेब चुकला, ते मान्य. मला वाटलं होतं तोफ नसली तरी वाट पायांना पाठ आहे. ती नव्हती.

आता विजयाच्या दिवसाचं सांगतो. केळुसकर रिक्षा घेऊन आले. किल्ल्याच्या वाटेवर ही गर्दी, ढोल, शाळेची मुलं. चौथऱ्यावर आपली तोफ आडवी मांडलीय, पाचूबंदरच्या तोफेशेजारी. त्यांनी माझा हात धरून तिच्यावर ठेवला. गोळा ओळखला, खिळा ओळखला. मग पुढे पुढे हात नेत गेलो आणि एकदम तोंड लागलं. जन्मात पहिल्यांदा. माझ्या बापाने, आज्याने कुणी पाहिलं नव्हतं, ते जमिनीतच होतं. आत हात घातला तर कोपरापर्यंत माती. सांडोरची काळी माती, ओली. केळुसकर म्हणाले, साफ करायची राहिलीय, माफ करा. मी म्हटलं, राहू द्या थोडी. मूठभर काढून वास घेतला. एक लहान मुलगी म्हणाली, "आजोबा माती खातायत!"

पाटी ग्रेसीने वाचून दाखवली. "पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी जिंकलेली तोफ. नंतर सांडोर येथील एका वाडीत केळीची राखण करीत होती." शेवटचं वाक्य मंडळाच्या सभेत दोन तास गाजलं म्हणे. केळुसकरांनी हट्टाने ठेवलं.

(मीच सांगितलं होतं पाटीवर टाकू नका. ग्रेसी.)

तिला परत आणायची नाही. तिला तिथे माणसं भेटतात.

आता पाण्याचं. पहाटे आम्ही दोघं जातो. फावडं ग्रेसीच्या खांद्यावर, मागे लांब राहिलेला दांडा माझ्या हातात. ती पुढे, मी मागे. पाटाचा कुठला बांध कधी फोडायचा हे मी सांगतो आणि ती ऐकत नाही. परवा वालपापडीच्या वाफ्यात घोटाभर पाणी भरलं.

(पाणी जास्त झालं असं तुमचं म्हणणं. मला पुरेसं वाटलं. ग्रेसी.)

पण केळी टवटवीत आहेत, पान फडफडतं त्या आवाजावरून कळतं. आणि चहा आता परत आल्यावर होतो, दोघांचा एकदम. तिच्या कपात सव्वाचमचा साखर घालून. प्रायश्चित्तकाळ संपला.

नेल्सनला रविवारी फोनवर मीच सांगितलं.  मग तेच, डॅडी, फ्लॅट, लिफ्ट, सातवा मजला, हवा छान येते. मी म्हटलं, हवा इथेही येते, वर चढावं लागत नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो येतोय, ठरवायला. मी त्याला वाडी फिरवून दाखवणार आहे, पाऊस असला तरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बावखलाच्या काठाने. दांडा हातात असेल, पण पाय माझे असतील. त्याने बघावं आणि मग बोलावं.

त्या दिवशी तू असायला हवीस, बाय. माझ्या बाजूने दोघी पाहिजेत. एक हिशेब मांडायला, एक थापा मारायला.

(मी थापा मारत नाही. हिशेब मांडते, तो खरा असतो: वाडी विकली तर केळी, वाल, नारळ, सगळं विकत घ्यावं लागेल, ते मी लिहून ठेवलंय. आनमारी, ये. पहिल्या गाडीने ये. येताना नाचणी आणू नकोस. ग्रेसी.)

येतेस की नाही, आणि कुठल्या तारखेला, ते उलट टपाली कळव. नेल्सनच्या आधी पोच.

तुझा दादा,
डॉमनिक

(सही त्याने स्वतः केलीय. ओळीवर बसली नाही, वर माझ्या नावावर चढलीय. राहू दिली. पोस्टकार्ड टाक, पन्नास पैशांत होतं. ग्रेसी.)